फवाऱ्याच्या आड

१

शनिवारी सकाळी फवारे साफ करायचे, हा ब्रिनचा नेम होता. नॅम्पा गावात एप्रिलच्या मध्याला पाटाचं पाणी सुटलं की ऑक्टोबरपर्यंत घरोघरच्या लॉनला तेच पाणी, आणि पाटाचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यात शेवाळ असतं, वाळू असते, मोहरीएवढ्या गोगलगायी असतात. आठवडाभर लक्ष दिलं नाही की एखादा फवारा घसा बसल्यासारखा खरखरतो, एखादा जमिनीतून अर्धाच वर येतो, आणि त्याच्या पुढचं गवत पिवळं पडतं.

ब्रिन दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची. त्यासाठी कॉलेजही केलं होतं. दवाखान्यातली बाद झालेली आकडीसारखी हत्यारं ती घरी आणायची आणि शनिवारी गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन बसायची. फवाऱ्याभोवतीची माती मोकळी करायची, आतली नळी वर ओढून चिमट्यात धरायची, तोंडाचं नोझल काढायचं, नळीच्या तळाची जाळी काढून बादलीत खळबळायची. जाळीतल्या गोगलगायी आकडीने एकेक टिपताना तिला बरं वाटायचं. दवाखान्यात जरा हत्यार लागलं की माणसं दचकतात, आणि ती दचकली की ब्रिनही दचकते. फवाऱ्यांचं तसं नव्हतं.

खरं तर हे काम गॅरेटचं, तिच्या नवऱ्याचं. पण गेल्या उन्हाळ्यात कुंपणापलीकडच्या डेनाने हाक मारली होती, "गॅरेट, माझा एक फवारा बघतोस का रे?" डेना घटस्फोटानंतर एकटीच राहायची. त्या एका फवाऱ्याला चार शनिवार लागले. चौथ्या शनिवारी गॅरेट गुडघ्यापर्यंत भिजून, हसत घरी आला. काय हसतोयस असं विचारल्यावर म्हणाला, "काही नाही गं, उगाच."

त्या 'उगाच'चं ब्रिनने हिवाळाभर रवंथ केलं. एप्रिलमध्ये पाणी सुटलं तेव्हा हत्यारांची पेटी तिने स्वतःकडे घेतली. "तू आठवडाभर दुधाचा टँकर चालवतोस, दमतोस," असं त्याला सांगितलं. मनात होतं ते निराळं. पेटीच आपल्या ताब्यात असली की दुसरीच्या अंगणात गुडघे टेकायला नवरा जाणार कसा?

घराच्या पश्चिमेला वीस फुटांची लॉनची पट्टी होती. एका अंगाला घराची भिंत, दुसऱ्या अंगाला लाकडी फळ्यांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे डेना. भिंतीत तीन खिडक्या होत्या. पहिली त्यांच्या झोपायच्या खोलीची, मधली न्हाणीघराची, तिसरी पाहुण्यांच्या खोलीची. प्रत्येक खिडकीखाली, भिंतीला लागून एक फवारा.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी पहिल्या फवाऱ्यापुढे तिला दोन पिवळ्या पट्ट्या दिसल्या. फवाऱ्यापासून दोन हातांवर त्या सुरू होत होत्या. तिथे जेमतेम चार बोटं रुंद, आणि कुंपणाकडे जाता जाता पसरत गेलेल्या. दोन्ही पट्ट्यांच्या मधलं गवत हिरवंगार होतं. पट्ट्या जिथे सुरू होत होत्या तिथे त्यांच्यात वीतभर अंतर होतं.

"जाळी तुंबली असेल," गॅरेट दारातूनच म्हणाला.

तिने जाळी काढली. स्वच्छ होती. नोझलमधून आरपार उजेड दिसत होता. फवारा पुन्हा बसवून तिने हाताने चालू केला आणि बाजूला उभी राहिली. धार डावीकडून उजवीकडे गेली, उजवीकडून डावीकडे आली. कुठेही तुटली नाही.

२

पाण्याबद्दल काही विचारायचं तर मार्वाला विचारावं. मार्वा पूर्वेकडची शेजारीण, सत्तरी ओलांडलेली. तिचा नवरा चाळीस वर्षं पाटकरी होता. कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं ते तो ठरवायचा, आणि घरी त्याला किती बोलू द्यायचं ते मार्वा ठरवायची. ती झुकिनी घालून केलेला केक घेऊन आली होती. जून-जुलैत ही काकडीसारखी भाजी एवढी पिकते की नॅम्पातलं कुठलंच दार तिच्यापासून वाचत नाही.

पट्ट्यांशी उभी राहून, कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "चालवून बघितलास?"

"दोनदा. चांगला चालतो."

"मग फवाऱ्यात खोट नाही. काहीतरी आड येतंय. आमच्या लेकीच्या, रोंडाच्या लग्नात खुर्च्या आणल्या होत्या, त्यातली एक महिनाभर अंगणात राहून गेली. उचलली तर मागे चार पट्ट्या. चार पाय, चार पट्ट्या. पाणी सरळ चालतं, पोरी. वळसा घालून जायची त्याला सवय नाही."

"इथे दोनच आहेत."

"मग दोन पायांचं काहीतरी," मार्वा हसली. "कोंबडी म्हणावी तर एवढी उंच कोंबडी मी तरी पाहिली नाही."

ब्रिन हसली नाही.

"अगं, थट्टा केली. कुणी एक दिवस उभं राहिलं म्हणून गवत वाळतं का? दर पाळीला यायला हवं, त्याच जागी, पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंत उभं राहायला हवं. तेही दोन-तीन आठवडे, अंगावर गार पाणी घेत. एवढं रिकामं कोण आहे या गल्लीत?"

ब्रिनला एक नाव सुचलं. तिने ते केकच्या घासाबरोबर गिळलं.

३

फवाऱ्यांचा टायमर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी चालायचा. पाच वाजता पुढचं अंगण, मग मागचं, आणि पश्चिमेच्या पट्टीची पाळी पावणेसहाला, वीस मिनिटं. गॅरेट सहाला उठायचा. पलंगाची खिडकीकडची बाजू त्याची होती. म्हणजे जी कुणी तिथे उभी राहत असेल, ती आपल्या नवऱ्याच्या उशीपासून चार-पाच पावलांवर उभी राहत होती.

ब्रिनची बुद्धी तशी चांगली होती, आणि ती बुद्धी तिला सांगत होती की यात अर्थ नाही. ज्या खोलीत बायको झोपलीय तिच्या खिडकीबाहेर कोण येईल? आणि आली तरी फवाऱ्याच्या बरोबर पुढे कशाला? दोन हात बाजूला उभी राहिली तर कोरडी राहील. शिवाय पट्ट्या जिथून सुरू होत होत्या तिथलं गवत दबलेलंही नव्हतं. एक पातं मोडलं नव्हतं.

पण मत्सराला अर्थ लागत नाही, त्याला फक्त जागा लागते. तो म्हणाला, प्रेमात पडलेलं माणूस काय वाटेल ते करतं.

मग एका दुपारी, गल्लीत कुणी नाही असं बघून, ब्रिन स्वतःच तिथे जाऊन उभी राहिली. खिडकीकडे तोंड करून. उजवा पाय उजव्या पट्टीच्या टोकावर, डावा डावीच्या. पाय बरोबर बसले. समोर काचेत आकाश होतं आणि तिचा चेहरा. तिने त्या बाईच्या जागी जाऊन विचार करून पाहिला: काळोख फिटायच्या आधी यायचं, गुडघ्यांवर पाण्याचा मारा घ्यायचा, ओठ निळे पडेपर्यंत हलायचं नाही, आणि समोरच्याला कळणारही नाही. कशासाठी? नुसतं जवळ असायचं म्हणून.

तेव्हा तिला जे वाटलं त्याची तिला स्वतःलाच लाज वाटली. तिला त्या बाईचा राग आलाच, पण त्याहून जास्त गॅरेटचा हेवा वाटला. आपल्यासाठी असं कोण उभं राहिलं कधी? लग्नाआधी गॅरेट तिला न्यायला यायचा, तर गाडीतला हीटर लावून बसायचा आणि भोंगा वाजवायचा. पाऊस असला तर दोनदा.

४

सोमवारी ती साडेपाचलाच जागी होती. मागच्या अंगणातले फवारे बंद झाले. पाइपात पाणी वळल्याचा आवाज भिंतीतून आला, आणि खिडकीखालचा फवारा जमिनीतून वर आला.

गॅरेटने धार अशी बेतली होती की तिचं टोक कुंपणाला नुसतं शिवावं. त्यामुळे धार फिरताना कुंपणाच्या फळ्यांवर एकेक करून टप, टप, टप असं वाजत जायचं. ब्रिन डोळे मिटून ऐकत राहिली. टप, टप, टप. आणि मग चार फळ्या गप्प.

पुन्हा टप, टप, सहा-सात फळ्या. पुन्हा चार गप्प. मग शेवटपर्यंत नीट.

धार परत फिरली. तिने बोटांवर मोजलं. चार गप्प, सात बोलत्या, चार गप्प. माणूस बोलता बोलता दोनदा श्वास घेतो तसं.

शेजारी गॅरेट उताणा झोपला होता. त्याच्या तोंडावर हसू होतं, किंवा ओठ तसे पडले होते. हा जागा आहे, तिला वाटलं. हा ऐकतोय. याला ठाऊक आहे.

ती त्याच्या अंगावरून वाकली आणि आडव्या पट्ट्यांच्या पडद्याची एक पट्टी बोटाने वर केली. बाहेर राखाडी उजेड होता. लॉन होतं, कुंपण होतं. माणूस नव्हतं. ती माणूस शोधत होती, त्यामुळे धारेकडे तिचं लक्षच नव्हतं. धार डावीकडून जवळ येतेय हे लक्षात आलं तेवढ्यात खालून गॅरेट बोलला, "काय गं?"

तिच्या हातून पट्टी सुटली.

"पाणी बघत होते."

"पाणी येतंय. झोप."

सव्वासहाला ती बाहेर गेली. सगळं लॉन ओलं होतं आणि त्या दोन पट्ट्या हाताला कोरड्या लागल्या. गवतावर पाऊल नव्हतं. तिने वाकून कुंपणापर्यंत पाहिलं. दव पडल्यासारखं पाणी पसरलं होतं, आणि त्यातून कुणी आल्या-गेल्याची एकही रेघ नव्हती.

५

"डेना, सोमवारी सकाळी पावणेसहाला तू कुठे होतीस?"

"बिछान्यात. का गं, पोलिसात लागलीस?"

डेनाने दार पुरतं उघडलं तेव्हा ब्रिनला दिसलं. तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि काखेत कुबडी होती. प्लास्टरवर कुणीतरी मासा काढला होता.

"हे कधी झालं?"

"मे महिन्याच्या शेवटी. तळ्यावर बोटीतून उतरताना. लोक बोटीतून पडून बुडतात, मी धक्क्यावर पडले. महिना होत आला, अंगणातसुद्धा उतरले नाही." डेनाने मान तिरकी केली. "गॅरेटने सांगितलं नाही? त्याला मी खिडकीतूनच ओरडून सांगितलं होतं."

"नाही. मला नाही सांगितलं."

"विसरला असेल. नवऱ्यांचं एवढं मनावर घेऊ नये, बाई. माझा तर मलाच विसरला."

ब्रिन घरी आली. डेना नव्हती, हे कळून खरं तर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिच्या हाती फक्त नवा खडा लागला होता, आणि संध्याकाळी जेवताना तो तिने ताटात टाकलाच.

"डेनाचा पाय मोडला हे तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कसं कळलं."

हे खरं होतं, म्हणून ती आणखी चिडली. "मग खिडकीशी कोण येतं? ती नाही, तर कोण?"

गॅरेटने काटा खाली ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "कुणी येत नाही, ब्रिन. मी दिवसभर गाडी चालवतो, घरी येतो, आणि तू माझ्या शर्टांचा वास घेतेस. मागे एकदा मी भावाकडे ट्विन फॉल्सला गेलो होतो ते आठवतं ना? तू न्यायला आलीस म्हणून परत आलो. आता पुन्हा हा विषय काढलास तर मी जाईन, आणि तू आलीस तरी येणार नाही. हे रागाने नाही म्हणत."

रागाने म्हणत नव्हता, हेच वाईट होतं. ब्रिनला तो हवा होता, जिवापेक्षा हवा होता. आणि नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं तिच्या तोंडातून बाहेर पडायचं. त्या रात्री तिने उशी उचलली आणि ती पाहुण्यांच्या खोलीत झोपायला गेली. त्याने थांब म्हणावं म्हणून दारात जरा रेंगाळली. तो थांब म्हणाला नाही.

६

पाहुण्यांच्या खोलीत एकेरी पलंग होता, शिलाईचं मशीन होतं आणि नाताळच्या सजावटीची खोकी. ब्रिनला तिथे, कोण जाणे कशी, गाढ झोप लागायला लागली. पहाटेचं पाणी आलेलं-गेलेलं तिला कळेना. घरात ती आणि गॅरेट एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलत होते. मीठ दे. दार लावलंस का? शुक्रवारी मला उशीर होईल.

जुलैच्या पहिल्या शनिवारी कामाला बसली तेव्हा पहिल्या फवाऱ्यापुढच्या पट्ट्या हिरव्या होऊ लागल्या होत्या. मुळाशी कोवळं गवत दिसत होतं. तिथे आता पाणी पोचत होतं.

तिने आकडी खाली ठेवली. म्हणजे ती यायची थांबली. का थांबली? आणि मत्सराने लगेच उत्तर आणून दिलं: बायको खोलीतून गेल्यावर बाहेर उभं राहायची गरजच काय? ब्रिन तशीच मातीच्या हातांनी झोपायच्या खोलीत गेली. गॅरेटची चादर झटकली, उशी उलटीपालटी केली, केस शोधले, वास शोधला. उशीला गॅरेटचा वास होता. तिच्या रिकाम्या जागेवर त्याने तिचा जुना स्वेटर ठेवला होता, नीट घडी घालून, जिथे तिचं डोकं असायचं तिथे.

ती पलंगावर बसली आणि बराच वेळ रडली. मग तोंड धुतलं. आज संध्याकाळी त्याच्याशी बोलायचं, असं ठरवलं. चुकलं म्हणायचं. राहिलेले दोन फवारे तेवढे उरकून घ्यावेत म्हणून बाहेर आली. मधला झाला. बादली घेऊन ती तिसऱ्या फवाऱ्याशी गेली.

फवाऱ्यापासून दोन हातांवर, वीतभर अंतर सोडून, दोन पट्ट्या नुकत्या पिवळ्या पडत होत्या.

खिडकी पाहुण्यांच्या खोलीची होती. ब्रिनने मोजलं. गवत पिवळं पडायला जितके दिवस लागतात, साधारण तितकेच दिवस ती त्या खोलीत झोपत होती. गॅरेट हलला नव्हता. तो रोज पहिल्याच खिडकीपाशी झोपत होता, आणि तिथलं गवत हिरवं होत चाललं होतं.

ती उठली नाही. गुडघ्यांखाली उशी, हातात आकडी, पाठीमागे खिडकी, आणि पुढ्यात दोन पट्ट्या. पट्ट्यांच्या टोकांकडे तोंड करून आपण बसलोय, म्हणजे सकाळी जे कुणी तिथे उभं असतं त्याच्या पायांशी बसलोय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती बादली तिथेच टाकून घरात गेली.

संध्याकाळी ती गॅरेटशी बोलली नाही. काय बोलणार? पुन्हा हा विषय काढायचा नव्हता.

७

सोमवारी पावणेसहाला ती कपडे करून खिडकीशी उभी होती. पडदा तिने पूर्ण वर ओढला होता. आज फट नको. पाहायचं तर सगळं पाहायचं, आणि काही नसेल तर नसलेलंही सगळं पाहायचं, असं तिने ठरवलं होतं.

बाहेर उजाडलं होतं. फवारा वर आला, खाकरला, धार सुटली. कुंपणाच्या डाव्या टोकापासून टप, टप, टप सुरू झालं. लॉनवर कुणी नव्हतं.

धार समोर आली आणि गुडघ्याच्या उंचीवर तुटली.

पाणी उडालं नाही. दगडावर आपटावं तसं आपटलं नाही. ते कशावर तरी टेकलं आणि खाली उतरत गेलं, नळाखाली धरलेल्या कोपरावरून उतरतं तसं, आणि उतरताना त्याने क्षणभर एक गोलवा दाखवला. मग धार पुढे सरकली आणि तिथे काही नव्हतं. वीतभर पुढे जाऊन ती पुन्हा तुटली. दुसरा गोलवा. दोन्ही गोलवे घराकडे तोंड करून होते.

ब्रिन किंचाळली नाही. तिला ओरडायला हवं होतं, खिडकीपासून मागे व्हायला हवं होतं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी काहीतरी ऊबदार हललं. माझ्यासाठी. पाच आठवडे, एकही पाळी न चुकवता, माझ्यासाठी. ती कल्पना मनात आली आणि त्याच क्षणी समोरची काच आतून नव्हे, बाहेरून धुरकट झाली. तिच्या तोंडाच्या उंचीवर. ताटलीएवढी.

"ब्रिन."

ती एवढी दचकली की शिलाईच्या मशीनला कोपर लागलं. दारात गॅरेट होता, अनवाणी, केस विस्कटलेले.

"झोप येत नाही मला," तो म्हणाला. "त्या खोलीत एकट्याला. हसू नकोस. मी सांगायला हवं होतं, डेनाच्या पायाचं. आणि तेव्हा मी का हसत होतो, तेही. तिचा फवारा माझ्याच तोंडावर उडाला होता. एवढंच होतं ते. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस, आणि मला वाटलं, आता ही कशालाच हसत नाही."

"गॅरेट, तिथेच थांब."

"नाही थांबत. पंधरा दिवस थांबलो." त्याने दोन पावलांत खोली ओलांडली आणि तिला जवळ घेतलं. त्याच्या अंगाला झोपेची ऊब होती. तिने त्याच्या शर्टात तोंड खुपसलं. हेच हवं होतं तिला, एवढंच, किती दिवस. "परत ये," तो तिच्या केसांत म्हणाला. "आजच."

"येते," ती म्हणाली. तिला खरंच यायचं होतं.

बाहेर धार परत फिरली होती. टप, टप, टप. ब्रिन त्याच्या छातीवर कान ठेवून आपसूक मोजत राहिली. गप्प व्हायची ती फळी आली. ती वाजली. पुढची वाजली. तिच्या पुढची वाजली. पाऊस पडावा तसं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं कुंपण वाजत गेलं. कुठेही खंड नव्हता.

"बघ," गॅरेट म्हणाला, "केलास ना नीट? किती छान चालतोय."

तिने त्याच्या खांद्यावरून दारापलीकडे पाहिलं. जे तिथे उभं राहायचं ते आता तिथे उभं नव्हतं. खोलीबाहेरचा बोळ रिकामा होता, त्याच्या टोकाचं मागचं दार बंद होतं. दारापासून अलीकडे बोळात राखाडी गालिचा होता, आणि त्यावर एक काळसर ओला डाग उमटला. वीतभर अंतरावर दुसरा. ते मोठे होत गेले, पाणी झिरपावं तसे. मग तेवढेच दोन, जरा जवळ. खोलीच्या दारात. मग गॅरेटच्या अनवाणी टाचांच्या मागे, अगदी मागे, हातभर अंतरावर, दोन डाग उमटले आणि थांबले. शेवाळाचा वास आला. गॅरेटच्या मानेवरचे बारीक केस उभे राहिलेले तिला दिसले.

"गारठा आला कुठून?" तो म्हणाला आणि त्याने तिला आणखी घट्ट धरलं.

डाग बोटभर पुढे सरकले.

ब्रिनने दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले आणि त्याला दूर लोटलं. हळू नाही. तो धडपडत खाटेच्या कडेला आदळला.

"मला नाही यायचं," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटेना. "तुझ्या भावाकडे जायचंय ना? जा. आज जा."

"अगं, आत्ता तर तू..."

"हात लावू नकोस मला."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघू शकत नव्हती, कारण बघितलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं, आणि तो जवळ आला असता. ती गालिचाकडे बघत होती. शेवटी तो वळला. दाराशी त्याचा पाय ओल्यात पडला; त्याने खाली पाहिलं, पाय चादरीच्या लोंबत्या टोकाला पुसला आणि गेला. बोळातून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बॅगेच्या चेनचा.

कुंपणावर धार पुन्हा फिरत येत होती. टप, टप, टप. मग चार फळ्या गप्प. सात बोलल्या. चार गप्प.

ब्रिन खिडकीकडे वळली. बाहेर लॉन होतं, कुंपण होतं, आणि काचेवर तिच्या तोंडासमोर धुकट वर्तुळ पुन्हा धरत होतं. गॅरेटचा ट्रक चालू झाल्याचा आवाज ऐकू आला तरी तिने मान वळवली नाही. कुणी रागवू नये म्हणून ती हसतमुखाने, पाणी बंद होईपर्यंत, तशीच उभी राहिली.